दहा गुंठ्यांचा सातवा ठराव

छकुलीचा भाऊ अविराज चार वर्षांनी पणदऱ्याला आला, तो एका बेटाचं दुःख सोबत घेऊनच. आईला त्यानं कॉफीची पाकिटं दिली, आबांना घडीची काठी दिली, दाजींना निळी टोपी दिली, आणि पायावर पाणी घेतलं न घेतलं तोच सुरू झाला.

"आक्का, बत्तीस लाख माणसं आहेत तिथं. सगळी अमेरिकेची नागरिक. लढाई लागली की तिथली पोरं अमेरिकेसाठी मरायला जातात. आणि अध्यक्ष निवडायला त्यांना मत नाही! कुठल्या जमान्यात राहतोय आपण?"

"हात धू," छकुली म्हणाली. "भाकरी निवतीया."

पोर्तो रिको हे त्या बेटाचं नाव. अविराज तिथं चौदा वर्षं औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात साहेब होता, बायकोही तिथलीच केली होती. आधी तो न्यू जर्सीत राहायचा, अमेरिकेचं नागरिकत्व त्यानं तिथंच मिळवलं, आणि मग बढती घेऊन या बेटावर गेला. म्हणजे भारतातलं मत सोडून अमेरिकेचं मिळवलं आणि ते वापरायच्या आत अशा ठिकाणी जाऊन बसला की जिथं ते चालतच नाही. छकुलीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती गोठ्यात एकटीच हसली होती. एवढा शिकलेला माणूस, पण नेमका मोडक्या खुर्चीवर जाऊन बसला.

छकुली सत्तेचाळीस वर्षांची होती. गुडघे कुरकुरायला लागले तरी गाव तिला छकुलीच म्हणायचं. तिचा नवरा दिग्विजय हा घरजावई. तो इंदापूर तालुक्यातल्या नरसिंहपूरचा, तीन भावांतला मधला. अविराज शिकायला गेला तो परत येणार नाही हे पक्कं झालं, तेव्हा आबांनी, म्हणजे छकुलीचे वडील मानसिंगराव यांनी, अकरा एकर उसाला माणूस हवं म्हणून हा जावई हेरून आणला. एकवीस वर्षं झाली. उसाची लागण त्यानं केली, तोडणीनंतर फुटलेलं खोडवं त्यानं राखलं, पाटाच्या पाण्यासाठी पहाटे त्यानं भांडणं केली. ऊस मात्र साखर कारखान्यात नोंदला जायचा मानसिंगरावांच्या नावानं. दिवाळीला सभासदांची साखर आणायला दिग्विजय जायचा ती सासऱ्याचं कार्ड घेऊन. वार्षिक सभेला तो मांडवाच्या कडेला, चहाच्या पिंपाजवळ उभा राहायचा, कारण आत खुर्ची सभासदाला. आणि इतकं होऊनही सासरा त्याला हाक मारायचा ती 'पाव्हणं' म्हणूनच.

सभासद व्हायला नावावर दहा गुंठे जमीन लागायची. अकरा एकरांतले दहा गुंठे. एवढंच मागणं होतं आणि ते कुणीही नाकारलं नव्हतं, हीच तर खरी गोम होती.

कारण मानसिंगराव ऐंशीच्या पुढचे, आणि तीस वर्षांपूर्वी ते एक मुदत गावच्या विकास सोसायटीचे संचालक होते. मुदत संपली, पण सभा काही त्यांच्या अंगातून गेली नाही. घरात म्हैस घ्यायची असो की ओसरीला फरशी घालायची असो, आबा सभा बोलवायचे. विषयपत्रिका निघायची. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम व्हायचं. सूचक, अनुमोदक, मग सगळ्यांनी 'मंजूर, मंजूर' म्हणायचं. त्यासाठी लांबलचक ठराव-वही होती आणि अक्षर बरं म्हणून ती लिहायची छकुलीनं. आबांच्या मते ठराव झाला की काम झालं. पुढे ते करायचं असतं ही क्षुल्लक गोष्ट सोसायटीतही त्यांना कुणी सांगितली नव्हती.

दहा गुंठ्यांचा ठराव या वहीत सहा वेळा एकमतानं मंजूर झाला होता. पहिल्या वेळी मोजणीवाला मिळाला नाही. दुसऱ्या वेळी पितृपंधरवडा आडवा आला. मग तलाठ्याची बदली झाली, मग कारखान्याची निवडणूक, मग करोना. सहाव्या वेळी तर कारण सांगायचेही कष्ट आबांनी घेतले नाहीत. "मंजूर हाय की! कुणी न्हाय म्हटलंय?" एवढं बोलून ते आंब्याखाली जाऊन बसले.

या खेपेला मात्र छकुलीचा जीव टांगणीला लागला होता. आबांचा हात थरथरायला लागला होता, सही करायला दोनदा पेन उचलायला लागायचं. शेताच्या अंगानं नवा रस्ता आखला होता आणि अविराजनं फोनवर दोनदा विचारलं होतं की आपल्या जमिनीला रस्त्याचं तोंड किती फूट येतं. आबा गेले की अविराज अकरा एकर विकणार, हे तिला उन्हाइतकं स्पष्ट दिसत होतं. मग दिग्विजयनं आणि तिनं जायचं कुठं? नरसिंहपुरात दोन दिरांच्या दारात? म्हणून आबा आहेत, अविराज बारा दिवस इथं आहे, तोवर दहा गुंठ्यांवर नाव लागायलाच हवं होतं. घर त्या दहा गुंठ्यांत येत होतं.

पण बारांतले आठ दिवस त्या बेटानं खाल्ले.

अविराज सकाळी बोलायचा, जेवताना बोलायचा, कुणी भेटायला आलं की पुन्हा पहिल्यापासून बोलायचा. तिथं दिवसातून केव्हाही वीज जाते. मोठं वादळ झालं त्या साली त्यांच्या गल्लीत साडेचार महिने दिवा नव्हता. प्रत्येक घरावर पाण्याची टाकी, प्रत्येक अंगणात जनरेटर. नखाएवढे बेडूक, पण रात्रभर असे ओरडतात की नवख्याला झोप लागत नाही. कच्ची केळी तळून, लसूण घालून उखळात कुटतात आणि वाडग्यासारखा गोळा करून खातात. कुठल्याही अमेरिकन बंदरातून तिथं माल न्यायचा तर जहाजही अमेरिकेचंच पाहिजे, म्हणून कांदासुद्धा महाग. पोरं शिकली की फ्लोरिडाला पळतात.

"आन् ऊस?" दिग्विजयनं विचारलं. त्याला सगळ्या जगातलं एवढंच विचारायचं असायचं.

अविराजनं फोनवर फोटो दाखवला. झुडपांतून वर आलेलं उंच धुराडं, खाली पडकी भिंत. "हा साखर कारखाना होता, दाजी. असे कितीतरी होते. शेवटचाही बंद पडून पंचवीस वर्षं झाली."

दिग्विजयनं तो फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. "चांगली काळी जमीन दिसतीया," तो म्हणाला आणि फोन परत दिला.

मग मुख्य कथा. तिथं तीन पार्ट्या. निळे म्हणतात, आम्हाला अमेरिकेचं एकावन्नावं राज्य करा, म्हणजे मत मिळेल, दिल्लीसारखे तिथल्या संसदेत आपले खासदार बसतील. तांबडे म्हणतात, आहे तेच बरं आहे, थोडं सुधारून द्या. हिरवे म्हणतात, आम्हाला सोडा, आमचं आम्ही बघतो. अविराज निळा. मिरवणुकीत भोंगे वाजवत गाडी चालवणारा निळा.

"सात वेळा लोकांचं मत घेतलं, आबा. सात वेळा! आता नोव्हेंबरमध्येच घेतलं, राज्य पाहिजे म्हणणारे पुन्हा निम्म्याहून जास्त. आणि वॉशिंग्टन काय करतं? काही नाही! कागद येतो, कपाटात जातो. नाही म्हणायचीसुद्धा तसदी घेत नाहीत."

"आमी एकानं मागं हाय," छकुली भाकरी थापता थापता म्हणाली.

अविराजला ते ऐकू गेलं, समजलं मात्र नाही. "एकदा तर, आक्का, 'वरीलपैकी काहीही नाही' हा पर्याय निवडून आला."

यावर दिग्विजय इतका हसला की त्याला ठसका लागला. कुशाबाईनं, छकुलीच्या आईनं, पाण्याचा तांब्या पुढे केला.

"हसू नका दाजी," अविराज म्हणाला. "आणि वर तिकडचे शहाणे आम्हाला काय ऐकवतात माहितीये? तुम्हाला केंद्राचा इन्कम टॅक्स पडत नाही ना, मग मत कशाला? सगळं तर मिळतंय! अरे, मिळतंय म्हणजे काय? माणसाला मान नको?" त्याचा आवाज खरंच चिरकला. डोळ्यांत पाणी आलं. साडेआठ हजार मैलांवरच्या अन्यायासाठी घशात आवंढा आणायला फार मोठं काळीज लागतं, छकुलीनं मनाशी म्हटलं आणि भाकरी उलथली.

नवव्या दिवशी आबांनी सभा लावली.

सकाळी दहा वाजता ओसरीवर सतरंजी पडली. आबा अध्यक्ष म्हणून लाकडी खुर्चीत. खाली अविराज, दिग्विजय, आणि कोरम भरावा म्हणून बोलावलेला चुलतभाऊ दत्तोबा, जो कुठल्याही सभेत चहासाठी यायचा आणि चहा मिळाला की मंजूर म्हणायचा. छकुली वही घेऊन खांबाला टेकली. कुशाबाई आतबाहेर करत होती. तिला सभेत धरायची पद्धत नव्हती.

विषय एक, मागील इतिवृत्त कायम करणे. मंजूर. विषय दोन, दिग्विजयरावांना दहा गुंठे. आबांनी चष्मा वर केला. "सूचक कोण?"

"सूचक अविराज ऱ्हाईल," छकुली म्हणाली. "आठ दिस ऐकतीया मी, मान कशाला म्हणत्यात ते त्याला लई चांगलं कळतं."

अविराजनं घसा साफ केला. छकुलीनं पेन टेकवलं. तिला वाटलं, आज होतंय.

"विषय महत्त्वाचा आहे," अविराज म्हणाला. "माझा तत्त्वतः पाठिंबाच आहे. पण हा गुंतागुंतीचा प्रश्न आहे, आक्का. घाईनं उरकायचा नाही. रस्त्याचं पुढं काय होतं ते ठरू दे. आत्ता दहा गुंठे मधूनच तोडले तर उरलेल्याचं तोंड बिघडतं. आणि खरं सांगू? दाजींना कमी काय आहे? तलाठ्याचे हेलपाटे नाहीत, सातबाऱ्याची कटकट नाही. सगळं तर मिळतंय!"

छकुलीनं वर पाहिलं. भावाच्या चेहऱ्यावर कसलीही लाज नव्हती. आपण नुकतंच काय बोललो हे त्याला कळलंच नव्हतं. परवा ज्या शब्दांवर डोळे भरून आले होते तेच शब्द त्यानं आज तोंडातून काढले होते, आणि चहाचा घोट घेऊन ते पचवलेही होते. लबाड असता तर तिनं त्याला सोडला असता. हा तर स्वतःला चांगला माणूस समजत होता.

"बरोबर हाय," आबा म्हणाले. "तत्त्वता मंजूर. मंजूर का?"

"मंजूर," दत्तोबा म्हणाला. चहा आला होता.

"थांबा," छकुली म्हणाली. "ह्यास्नी विच्यारा की. ज्यांचा विषय हाय त्यास्नी एकदा तरी विच्यारा."

सगळे दिग्विजयकडे वळले. एकवीस वर्षांत ही वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यानं मांडी बदलली, सतरंजीचा सुटलेला दोरा ओढला, आणि हळूच म्हणाला, "माझं काय न्हाय बगा. हाय त्येच बरं हाय."

"काय?" छकुली म्हणाली.

"आगं, नाव लागलं की कारखान्याच्या इलेक्शनला दोनी पार्ट्या दारात. ह्याला मत दिलं का त्याला दिलं, कुणाचं तरी वाईट व्हायचं. आता कसं, कोन काय इच्यारतच न्हाय. मला सवं झालीया."

तो लाजून हसला. लाजून! छकुलीला तो फडका घेऊन पुसून काढावा असा वाटला. या माणसासाठी ती सहा वेळा बापाशी भांडली होती. मांडवाच्या कडेला पिंपाजवळ तो उभा असायचा, ते पाहून तिला रडू यायचं. आणि तो तिथं मजेत होता! चहाचं पिंप जवळ, कुणाला उत्तर द्यायची जबाबदारी नाही. खरी फसली होती ती एकटीच. भाऊ पोकळ, बाप पोकळ, आणि आता हाही.

"मग विषय मिटला," आबा समाधानानं म्हणाले. "आयत्या येळंचा विषय कुणाचा?"

आणि छकुलीच्या तोंडून निघून गेलं, "माझा हाय. अध्यक्षांच्या परवानगीनं. दहा गुंठं माझ्या नावावर करा."

बोलल्यावर तिची तीच दचकली. एकवीस वर्षं, सहा ठराव, आणि हे वाक्य कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही. तिनं स्वतःच्या हातानं सहा वेळा 'दिग्विजयराव यांचे नावे' असं लिहिलं होतं, वळणदार अक्षरात, आणि सहा वेळा तिला तो आपलाच विजय वाटला होता.

"सूचक छकुली," आबा सवयीनं म्हणाले. मग थांबले. पण सभेचा नियम त्यांना मोडवेना. "अनुमोदक कोण?"

दत्तोबानं कप तोंडाला लावला तो खाली घेतलाच नाही. अविराज फोन काढून बघायला लागला. "आक्का, तुला कशाला वेगळं पाहिजे? तुझंच आहे की सगळं." छकुलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खरोखर गोंधळला होता, आणि त्यात कसलाही कपटभाव नव्हता हेच जास्त लागलं. "आगं," तो म्हणाला, "तुला कशाला?"

"मी हाय अनुमोदक," दारातून कुशाबाई म्हणाली. तिच्या हातात रिकामा ट्रे होता.

"तू सभासद न्हायस," आबा म्हणाले. "तुला मताचा अधिकार न्हाय. आत जा, च्या आण."

बत्तीस लाखांसाठी रडणाऱ्या अविराजला यात बोलण्यासारखं काही दिसलंच नाही. कुशाबाई ट्रे घेऊन आत गेली.

"लिही," आबा म्हणाले. "अनुमोदक नसल्यामुळं विषय चर्चेस घेता आला न्हाय."

छकुलीनं लिहिलं. एकही काना चुकला नाही. मग तिनं वही मिटून आबांच्या मांडीवर ठेवली आणि गोठ्यात जाऊन शेण ओढायला घेतलं. कुणी हाक मारली नाही. बेटाची चर्चा पुन्हा रंगलेली तिला तिथवर ऐकू येत होती, दत्तोबाला ती पहिल्यांदाच मिळत होती.

अविराज बाराव्या दिवशी गेला. जाताना त्यानं आक्काच्या खांद्यावर हात ठेवून, "पुढच्या खेपेला नक्की मार्ग काढू," असं म्हटलं. तिनं त्याला चटणीचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी डेअरीला दूध घालून ती तशीच बारामतीला गेली. नवऱ्याला सांगितलं, डोळे दाखवायला चालले. कोर्टाजवळच्या एका इमारतीत आसावरी म्हणून वकीलबाई बसायच्या, गावातल्या प्रयागबाईंच्या जमिनीच्या वाटपाचं काम त्यांनी केलं होतं.

वकीलबाई तिशीच्या असतील. छकुलीनं सगळं सांगितलं, अगदी पहिल्या ठरावापासून. मोजणीवाला, पितृपंधरवडा, तलाठी, रस्ता, न मिळालेला अनुमोदक. सांगता सांगता तिला बरं वाटायला लागलं. एकेकाला ती शब्दांनी सोलत होती आणि समोरची शिकलेली बाई ते लिहून घेत होती. बाप कसा, भाऊ कसा, नवरा कसा.

"जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली आहे?" वकीलबाईंनी मधेच विचारलं.

"न्हाय. आज्ज्याच्या आज्ज्यापासनं चालत आलेली."

"वाटप झालंय कधी?"

"न्हाय."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही मागत काय होता त्यांच्याकडं? दोन हजार पाचपासून कायदा आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क भावाइतकाच. जन्मापासूनचा. दहा गुंठे नाही बाई, भावाला जेवढी येईल तेवढीच तुम्हाला. जावयाला देणं न देणं आबांच्या मर्जीवर होतं, म्हणून ते वीस वर्षं लोंबकळलं. तुमचं कुणाच्या मर्जीवर नव्हतंच. त्याला सूचक लागत नाही, अनुमोदक लागत नाही. अर्ज द्यायचा आणि वाटप मागायचं."



"म्हणजे मी कवाबी आली असती तरी..."

"केव्हाही. अगदी पहिला ठराव लिहायच्या आधी." वकीलबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. त्यांच्या आवाजात चिडवणं नव्हतं, त्यांना फक्त अर्जात घालायला माहिती हवी होती. "मग इतकी वर्षं तुम्ही काय केलंत?"

बापाबद्दल, भावाबद्दल, नवऱ्याबद्दल छकुलीच्या जिभेवर नेहमी काहीतरी तयार असायचं. आज विषय ती स्वतः होती. बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती दोनदा चालू होऊन बंद पडली. वकीलबाई पेन धरून उत्तराची वाट बघत होत्या. मग छकुलीनं पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"लिवा," ती म्हणाली. "त्ये सोडून बाकीचं लिवा."